निष्पाप बाळ आणि त्याची आई

एच.आय.व्ही.ची बाधा घेऊन जन्मलेल्या बाळाचा विषय निघाला, की आपल्या तोंडून एक शब्द अगदी सहज बाहेर पडतो : 'निष्पाप'. निष्पाप जीव, त्या बिचाऱ्याचा काय दोष, असे आपण हळहळून म्हणतो. ही हळहळ खोटी नसते. व्याख्यानांतून, मदतीच्या आवाहनांतून, क्वचित प्रवचनांतूनही हा शब्द भेटतो. ऐकणाऱ्यांची मने द्रवतात, काही हात खिशाकडे जातात. तरीही या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. बाळाला निष्पाप म्हणताना आपण न बोलता दुसऱ्या कोणाला दोषी ठरवीत असतो? बाळाजवळ उभी असते ती त्याची आई. आपली करुणा बाळापर्यंत पोहोचते ती पुष्कळदा या आईला ओलांडून. नवजात बालकांना या रोगापासून वाचविण्याचा प्रश्न वरवर पाहता औषधांचा आणि इस्पितळांचा आहे. परंतु गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याच्या मुळाशी हा ओलांडण्याचाच प्रश्न आहे असे दिसते. आईला वगळून बाळ वाचविता येते का? आणि येत असले, तरी तसे ते वाचवावे का?

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. त्या आंधळ्याला पाहून शिष्यांना पहिला प्रश्न सुचतो तो पाप कोणाचे हा : याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही पर्याय बाजूला सारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. शिष्यांचा तो प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही आपल्या ओठांवर आहे. फरक इतकाच, की बाळाला आपण त्यातून मुक्त केले आहे आणि आईबापांना, त्यातही आईला, त्यात अडकवून ठेवले आहे.

या दोषारोपाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते पुण्यातच. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. देहविक्रयाशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची बाधा झालेली आढळली. यांतील बहुसंख्य साध्या गृहिणी होत्या आणि पतीशी असलेला संबंध हाच त्यांच्या बाबतीतला धोका होता. मंगळसूत्र हे या रोगापासूनचे कवच आहे, या समजुतीला त्या अभ्यासाने छेद दिला.

मग दोषाचे बोट नवऱ्याकडे वळवावे काय? पुष्कळ जण तसे करतात. पण महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून मालमोटार चालविणारा, अपुऱ्या मजुरीवर, अपुऱ्या माहितीवर आणि एकाकीपणावर जगणारा तो माणूस तरी एकटाच उत्तरदायी आहे काय? जबाबदारी त्याच्यावर आहेच. परंतु दोष शोधत निघालेले बोट कोठेही स्थिरावत नाही. ते पुढे पुढे सरकत राहते आणि बाळ मात्र जेथे होते तेथेच राहते.

आपल्या देशाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने या बाबतीत एक लहानशी, पण अर्थपूर्ण गोष्ट केली. जगभर या संसर्गाला 'मातेकडून बालकाकडे' जाणारा संसर्ग म्हटले जात होते. भारतीय कार्यक्रमाने 'पालकांकडून बालकाकडे' असे नाव स्वीकारले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने विषाणू बाळाकडे जातो तो आईच्याच देहातून : गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा दुधावाटे. त्यामुळे काटेकोर वैद्य या नावाला नाक मुरडील. परंतु नाव हे केवळ वर्णन नसते, ते वागण्याची दिशाही दाखविते. आईच्या हाती दिलेल्या कागदावर बापाचीही आठवण असावी, एवढी सभ्यता त्या नावात आहे.

*

आता पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांपुढे आणू. मधून भीमा वाहते. शिरूर पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरांवर. त्याच तालुक्यात रांजणगावच्या गणपतीचे देऊळ आणि त्याच नावाची औद्योगिक वसाहत. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथून एक लोहमार्ग सोलापूरकडे, एक मनमाडकडे, एक बारामतीकडे जातो. जवळच कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत. दोन्ही तालुके उसाचे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयत्यासह येतात, कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधतात आणि हंगाम संपला की परततात. अशा ठिकाणी माणसे सदैव वाटेवर असतात, आणि वाटेवरच्या माणसांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचविणे कठीण असते.

कारण ही सेवा म्हणजे एखादी लस टोचून मोकळे होण्याचे काम नव्हे. गरोदरपणाच्या आरंभीच रक्ताची तपासणी व्हावी लागते. बाधा आढळली तर आईने रोज न चुकता औषध घ्यावे लागते. प्रसूती दवाखान्यात व्हावी लागते. जन्मानंतर बाळाला लवकरात लवकर औषधाचे थेंब सुरू करून ते निदान सहा आठवडे, धोका अधिक असेल तर त्याहूनही अधिक काळ, द्यावे लागतात. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब खास कागदावर सुकवून तपासणीसाठी पाठवावे लागतात. अखेरचा निर्णय मिळतो तो बाळ १८ महिन्यांचे झाल्यावर. कारण आईच्या रक्तातील प्रतिपिंडे तोवर बाळाच्या देहात राहू शकतात आणि साध्या चाचणीला फसवू शकतात. या साखळीतील काहीच केले नाही, तर बाधित मातांच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना बाधा होते. सर्व कड्या जुळल्या, तर हे प्रमाण पाचांच्या खाली येते. एवढा मोठा फरक करणारे उपाय वैद्यकात फार नाहीत.

आणि या साखळीच्या आड येतो तो आपला एक अतिशय प्रेमळ रिवाज : पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात पारनेरला किंवा आष्टीला आईकडे जाते. तेथील परिचारिकेला तिची हकीकत ठाऊक नसते, आणि माहेरी ती सांगितलेली असतेच असे नाही. ऊसतोडीला आलेल्या बाईचे तर नाव एका जिल्ह्यात, कोपी दुसऱ्यात आणि बाळंतपण कदाचित तिसऱ्याच ठिकाणी. नोंदवहीत अशा बाईपुढे 'संपर्क तुटला' असा शेरा पडतो. संपर्क तोडला कोणी, हे मात्र त्या शेऱ्यात नसते.

*

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाकडे कसे पाहिले, ते आता थोडक्यात पाहू. कारण शास्त्राच्या प्रगतीबरोबर त्याची नीतिदृष्टीही हळूहळू बदलत गेली.

१९९४ साली अमेरिका आणि फ्रान्स येथील अभ्यासातून सिद्ध झाले, की गरोदरपणात व प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मानंतर सहा आठवडे बाळाला झिडोव्ह्युडीन हे औषध दिल्यास संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. जगाला प्रथमच आशा दिसली. पण हा उपचार महागडा होता. गरीब देशांसाठी स्वस्त, आटोपशीर उपचार शोधावा म्हणून आफ्रिकेत आणि आशियात प्रयोग सुरू झाले. त्यांतील बहुतेकांत काही गरोदर स्त्रियांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळ्या दिल्या जात होत्या. १९९७ साली यावरून मोठा वाद पेटला. उपाय ठाऊक असताना तो हातचा राखून बाळांना बाधा होऊ देणे हा अन्याय आहे, असे टीकाकार म्हणाले. जेथे कोणालाच काही मिळत नाही तेथे ही तुलना केल्याशिवाय गरिबांच्या दवाखान्यात चालेल असा उपाय सापडणारच नाही, असे दुसरी बाजू म्हणाली. दोन्ही बाजूंना काही वजन होते. परंतु आज तो वाद वाचताना एक गोष्ट खटकते. भांडण बाळाच्या वाट्यावरून होते. आईच्या स्वतःच्या आयुष्याचे काय, हे विचारणारे आवाज त्यात क्षीण होते.

१९९९ साली युगांडातील कंपाला येथील अभ्यासाने तो स्वस्त उपाय दिला : प्रसूतीच्या कळा सुरू होताच आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला एक मात्रा. एवढ्यानेही संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या देशातही पुढे हाच उपचार गावोगावी पोहोचला आणि त्याने असंख्य बाळे वाचविली. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. ती एक गोळी आईच्या तोंडात घातली जात होती, पण आईसाठी नव्हे. बाळ सुखरूप झाले, की आईशी असलेला औषधाचा संबंध संपत असे. तिच्या देहातील विषाणू तसाच राही. इतकेच नव्हे, तर २००४ साली थायलंडमधील अभ्यासाने दाखवून दिले, की त्या एका मात्रेमुळे काही मातांच्या देहातील विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढे त्यांच्यावर खरा उपचार करण्याची वेळ आली तर तो तितकासा लागू पडत नाही. बाळाच्या रक्षणाची किंमत, तिला नीटशी कल्पना नसताना, आईकडून वसूल होत होती.

येथे मूळ नैतिक प्रश्न उघडा पडतो. एका व्यक्तीचा उपयोग केवळ दुसऱ्या व्यक्तीच्या हिताचे साधन म्हणून करता येईल काय? कोणी म्हणेल, आई तर स्वतःहूनच बाळासाठी प्राण द्यायला तयार असते. ते खरे आहे. परंतु आईने त्याग करणे वेगळे आणि आपण तिच्या वतीने तिचा त्याग ठरवून टाकणे वेगळे. पहिल्यात प्रेम असते. दुसऱ्यात आपली सोय असते, आणि ती सोय मातृत्वाची स्तुतिस्तोत्रे गाऊन झाकता येते. शिवाय, ज्या बाळाला आपण वाचविले त्याला दोन-चार वर्षांत पोरके करणे हे बाळाचे तरी कल्याण कसे?

उत्तर यायला वेळ लागला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एच.आय.व्ही.वरील औषधोपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला. आणि १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर व स्तनदा मातेला, तिची प्रकृती कशीही असो, आजन्म उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले. आई निरोगी राहावी म्हणून दिलेले औषधच तिच्या रक्तातील विषाणू इतका दबवून टाकते, की बाळालाही उत्तम संरक्षण मिळते. म्हणजे जो उपाय न्यायाचा होता, तोच अधिक परिणामकारकही निघाला. नीती आणि उपयुक्तता नेहमीच अशा हातात हात घालून येत नाहीत. येथे त्या आल्या, हे आपले भाग्य. पण त्या आल्या नसत्या, तरी आईचा हक्क कमी झाला नसता, हे विसरता कामा नये.

*

दुधाचा प्रश्न याहूनही नाजूक. विषाणू आईच्या दुधातून जातो हे कळल्यावर पहिला विचार साहजिकच वरच्या दुधाचा आला. बोट्स्वाना या देशाने बाधित मातांना डब्यातील दूध फुकट पुरविले. २००६ च्या आरंभी तेथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि अतिसाराच्या साथीत शेकडो बालके दगावली. आजारी पडलेल्यांत आईचे दूध न मिळालेल्या बाळांचा भरणा मोठा होता. एका रोगापासून वाचविण्याच्या धडपडीत दुसऱ्याचे दार उघडे राहिले होते. त्याआधी १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील अभ्यासाने एक अनपेक्षित गोष्ट दाखविली होती. तिसऱ्या महिन्यापर्यंत केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांत संसर्ग १४.६ टक्के होता. आईच्या दुधाबरोबर इतरही काही मिळणाऱ्या बाळांत २४.१ टक्के. घातक ठरली ती मिसळ. वरच्या पदार्थांनी बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होऊन विषाणूला वाट मिळत असावी, असे मानले जाते.

पुण्याचाही या शोधात वाटा आहे. ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथे, इथिओपिया व युगांडा यांच्या जोडीने, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरापीन देऊन पाहण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मतः बाधा नसलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंतचा संसर्ग सुमारे ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आला. मात्र सहाव्या महिन्यापर्यंत हा लाभ बराच ओसरला. कारण थेंब थांबले तरी दूध चालू होते. औषधाचे रक्षण दुधाबरोबर चालत राहिले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. आज मातेचा उपचार चालू ठेवून पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, असा सल्ला दिला जातो.

'केवळ' हा शब्द लिहायला सोपा आहे. आपल्या घरांत बाळ जन्मताच त्याच्या जिभेला मध लावतात. नंतर आजी सहाणेवर हळकुंड, जायफळ, वेखंड उगाळून गुटी चाटविते. शेजारीण येते, ती चार थेंब साखरपाणी पाजते. यामागे कित्येक पिढ्यांची माया आहे. बाधित आईच्या बाळाला हीच माया अपायकारक ठरू शकते. आणि ती नाकारायची कोणी? घरात सर्वांत धाकटी, नुकतीच बाळंत झालेली, सासूपुढे मान वर न करणारी सून. दवाखान्यात पाच मिनिटे समुपदेशन करून आपण तिच्या खांद्यावर केवढी लढाई टाकतो, याची जाणीव आपल्याला असते काय?

*

त्याच घरात तिला औषधाची बाटलीही ठेवायची असते. बाळ धडधाकट दिसते, मग रोज थेंब कशाचे, हा प्रश्न येणारच. कोणी ती शक्तीचे औषध म्हणून सांगते, कोणी धान्याच्या डब्यात दडविते, आणि कोणाच्या हातून त्या लपवाछपवीत थेंब चुकतात. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, आणि बाळाची पहिली तपासणी नेमकी सहाव्या आठवड्यात.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. बाळ स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या जिवापुढे आईच्या गुपिताची मातब्बरी ती काय? उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे एक-तृतीयांश बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत, निम्मी दुसरा. उलट, पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केल्यास मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटतात, असे दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या अभ्यासाने दाखविले आहे. मग घरच्यांना सरळ सांगून का टाकू नये? आशाताईंनी दारात जाऊन बाळाला उचलून का आणू नये?

आक्षेपामागील तळमळ खरी आहे. काही घरांत सत्य कळल्यावर सासूच औषधाची वेळ सांभाळू लागते, हेही खरे. पण काही घरांत त्याच सत्यामुळे बाई लेकरासह रस्त्यावर येते. कोणते घर कसे आहे, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून निर्णय तिचाच असला पाहिजे. सत्य जाणण्याचा ज्याला अधिकार नाही त्याच्यापुढे ते उघड करण्याचे बंधन कोणावर नाही, असे आपली नीतिपरंपराही मानते. पतीचा अधिकार वेगळा, शेजाऱ्याच्या कुतूहलाला अधिकार मुळीच नाही. २०१७ चा एच.आय.व्ही. विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि एखाद्याची बाधा उघड करण्यास, मोजके अपवाद सोडता, मनाई केली. हा कायदा बाळाच्या विरुद्ध आहे असे मानणे चुकीचे ठरेल. एका गावात एका बाईचे नाव फुटले, की आसपासच्या दहा बाया तपासणीला येत नाहीत. त्या दहा जणींचीही बाळे असतात.

तेव्हा जबरदस्तीला पर्याय आहे तो श्रमाचा. माहेरच्या तालुक्यातील परिचारिकेला, आईच्या संमतीने, वेळेवर निरोप पोहोचणे. बाळाची तपासणी त्याच दिवशीच्या नेहमीच्या लसीकरणाला जोडणे, म्हणजे घराबाहेर पडायला वेगळे कारण शोधावे लागत नाही. हंगामात कोप्यांपर्यंत जाणे. आणि त्याच वाटेने गेलेल्या, स्वतः बाधा घेऊन जगणाऱ्या कार्यकर्त्या बाईला सोबतीला देणे, कारण तिच्यापुढे लपविण्यासारखे काही नसते. यातील एकही गोष्ट अशक्य नाही. क्युबाने २०१५ साली आणि थायलंडने २०१६ साली हा संसर्ग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपविल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळविली. तरीही २०२३ च्या जागतिक आकडेवारीनुसार बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते, तर १५ वर्षांखालील मुलांपैकी केवळ ५७ टक्के. ज्यांना आपण सर्वांत आधी निष्पाप म्हणतो, त्यांच्याच वाट्याला उपचार सर्वांत कमी येतात. निष्पापपणाची कीव करणे आणि न्याय देणे यांतील अंतर या दोन आकड्यांत दिसते.

दौंड तालुक्यातच केडगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळाने उघड्यावर आलेल्या मुलींना व विधवांना पंडिता रमाबाईंनी तेथे आश्रय दिला, आणि समाज ज्यांना पतित म्हणे त्या स्त्रियांसाठीही त्यांनी कृपासदन उघडले. प्रवेशासाठी निर्दोषत्वाचा दाखला तेथे लागत नव्हता. या मातीला ती रीत अपरिचित नाही. आपल्या धर्मग्रामांत, आपल्या शेजारी, बारसे असो वा बाप्तिस्मा, बाळ पाहायला आपण सारेच जातो. बाळाच्या हातावर काही ठेवून झाल्यावर आतल्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात बाजेवर निजलेल्या बाईजवळ दोन घटका बसावे, तिची झोप, तिचे जेवण, तिची औषधे यांची चौकशी करावी. आणि तिने जे सांगितले नाही ते विचारू नये. तिला काय झाले आहे हे आपल्याला ठाऊक नसेल. ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही.